सव्वा तासाचं रेकॉर्डिंग

मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मला काहीही झालेलं नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण डिंगोरे गावातल्या या घरात माझ्याबद्दल नेमकं उलटं सांगितलं जातं. "त्यो लॅपटॉप व्हय? कवाच बंद पडलाय त्यो," असं भागुजी आल्यागेल्याला सांगतो आणि पटकन दुसरा विषय काढतो. मी कपाटावर असतो. माझ्या अंगावर एक जुनं धडपं टाकलंय आणि शेजारी रंगाचा रिकामा डबा आहे. मित्रांनो, माझी बॅटरी दमली आहे, हे मी कबूल करतो. एक कळ दोनदा दाबावी लागते, हेही खरं. पण चार्जर लावून बटण दाबलंत तर मी आजही दोन मिनिटांत उठून उभा राहीन. मला बिघडलेला ठरवलं गेलंय. ते का, हीच माझी हकीकत.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे माझ्या पोटाखालच्या स्टिकरवर लिहिलेलं होतं. ते स्टिकर झिजून गेलं, त्यामुळे जन्मगावाच्या बढाया मला मारता येत नाहीत. मला आठवतं ते पुण्यातल्या एका दुकानापासूनचं. तिथून मला भागुजीने आणलं. भागुजी गवंडी आहे. आपले सिमेंटचे हात लागायला नकोत म्हणून त्याने मला खोक्यातून बाहेरसुद्धा काढलं नाही. एस.टी.त सगळा वेळ मांडीवर धरून बसला. घरी आल्यावर थोरल्या कल्याणीने खोकं उघडलं. ती नर्सिंग शिकत होती, आणि मला तिच्यासाठीच आणलं होतं. धाकटा बुद्धभूषण, म्हणजे घरातला भूषण, तिच्या खांद्यावरून डोकावत होता. सगळ्यांच्या मागून त्यांची आई आली. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या झाकणावर फक्त एक बोट टेकवून बघितलं.

"गार हाय की गं," ती म्हणाली.

ती जानकाबाई. ओतूरच्या आठवडे बाजारात ती मेथी, शेपू आणि कोथिंबीर विकायची. बाजारात ती कुठे बसली आहे हे कुणाला शोधावं लागत नसे, दुरूनच ऐकू येई. घरातही ती हळू बोलत नसे. भागुजी म्हणायचा, "अगं, मी शेजारीच हाय, ओतुरात न्हाई." त्यावर ती आणखी मोठ्याने हसायची. त्या दोन खोल्यांत माझी पहिली काही वर्षं गेली, आणि तिच्या आवाजाशिवाय एक तास गेला असेल असं मला आठवत नाही.

नर्सिंग झाल्यावर कल्याणीने जर्मनीला जायचं ठरवलं. त्यासाठी तिथली भाषा शिकायची होती, आणि शिकवणी माझ्या पडद्यावर चाले. आमच्याकडे नेट असं की शिकवणारी बाई मध्येच तोंड उघडं ठेवून थांबायची. तेव्हा कल्याणीला माझ्यातलं एक साधन सापडलं. ते वेगळं बसवावं लागत नाही, कारखान्यातूनच येतं. पडद्यावर जे चाललं असेल ते टिपून त्याचा व्हिडिओ करून ठेवणं, हे त्याचं काम. मुळात ते गेम खेळणाऱ्या पोरांसाठी केलेलं आहे, आपला खेळ चार जणांना दाखवता यावा म्हणून. कल्याणी त्यावर जर्मन भाषेचे तास टिपायची. खिडकीचं चित्र असलेली कळ, आल्ट आणि आर एकदम दाबलं की कोपऱ्यात लाल टिकली उमटायची आणि तिच्या शेजारी सेकंद पळू लागायचे. शिकवणी संपली की ती तोच तास पुन्हा लावायची, थांबवायची, घोकायची. असे तीनशेहून जास्त तास मी साठवले. "आपला लॅपटॉप काय इसरत न्हाई," असं भूषण मित्रांना सांगायचा. मीही ते खरं मानलं. मला त्याचा गर्व झाला होता, हे आज सांगताना बरं वाटत नाही.

कल्याणी परीक्षा पास झाली आणि गेली. तिकडे तिने दुसरा लॅपटॉप घेतला आणि मला आई-वडिलांसाठी ठेवलं. दर रविवारी दुपारी माझ्यावर व्हिडिओ कॉल व्हायचा. पडदाभर कल्याणी, आणि खालच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत जानकाबाई. तिला ती चौकट फार आवडायची. बोलता बोलता ती कल्याणीऐवजी स्वतःकडेच बघून केस नीट करायची.

मग तिचा आवाज बसला. बाजारात ओरडून बसला असेल असं सगळ्यांना वाटलं. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. यात चार महिने गेले. शेवटी पुण्यात तपासणी झाली आणि घशातली गाठ निघाली. तीही वाढलेली. स्वरयंत्रच काढावं लागेल, मानेला भोक पाडून त्यातून श्वास चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढे यंत्र लावून थोडं बोलता येतं, पण तो आवाज यंत्राचा असतो, हेही सांगितलं. ऑपरेशनला मंगळवार ठरला.

मित्रांनो, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जानकाबाईला लिहिता येत नाही. सही शिकली आहे, तेवढंच. तुमचाआमचा आवाज गेला तर आपण कागद ओढू. तिचा आवाज जाणार म्हणजे तिचं सगळंच सांगणं जाणार होतं. आणि कल्याणीला घरी यायला पुढचे पाच महिने सुट्टी मिळणार नव्हती. तिने खूप विनवण्या केल्या होत्या.

"आई, रविवारी आपण पोटभर बोलू," ती फोनवर म्हणाली. "भूषण रेकॉर्डिंग लावंल. तुझा आवाज माझ्याकडं कायमचा ऱ्हाईल."

त्या रविवारी जानकाबाईने भीमजयंतीची पांढरी साडी नेसली. भूषणने मला मांडून दिलं, तीन कळा दाबल्या, लाल टिकली उमटली. सेकंद पळताहेत हे त्याने बघितलं. मग जानकाबाईने बापलेकांना बाहेर काढलं.

"तुमी दोघं जावा भाईर," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुमच्या म्होरं मला लाज वाटती."

दार लागलं आणि ती बोलू लागली. सव्वा तास बोलली. घसा दुखत होता, मध्ये मध्ये ती पाणी प्यायची आणि पुन्हा सुरू करायची. कल्याणीचा जन्म झाला तेव्हा दाराशी मेथीच्या जुड्या तशाच पडून सुकल्या होत्या, ते सांगितलं. कुणाकडे जायचं आणि कुणाच्या दारात पाऊल टाकायचं नाही, ते सांगितलं. "लगीन करायचं तर कर, न्हाई करायचं तर नको करू, मी काय बोलायची न्हाई. पण येकटी जेवत जाऊ नको," असं म्हणाली. कल्याणी हनुवटी हातावर टेकून नुसती बघत होती. शेवटी तिने विचारलं, "आई, मला हाक मार ना. बांधावरनं मारायचीस तशी."

जानकाबाईने दाराकडे बघितलं. मग मान वर केली, डोळे मिटले आणि त्या फाटलेल्या घशातून लेकीला हाक मारली. माझ्या झाकणाची काच थरथरली. बाहेर भागुजी पायरीवरून उठून उभा राहिला, हे मला नंतर त्याच्याच बोलण्यातून कळलं.

"आले गं आई," कल्याणी तिकडून म्हणाली आणि रडायला लागली.

भूषण आत आला, रेकॉर्डिंग थांबवलं, फाइल तयार झाली. तिच्यावर जानकाबाईचा आणि कल्याणीचा फोटो दिसत होता. त्याने तिची एक प्रत पडद्यावर समोरच ठेवली आणि तिला 'आई' नाव दिलं. मला बंद केलं आणि सगळे जेवायला बसले. रविवारची संध्याकाळ बाकी होती. सोमवार अख्खा बाकी होता. त्या दीड दिवसात कुणीही एकदा, फक्त अर्धा मिनिट, ते लावून बघितलं असतं तर ही हकीकत मला सांगावीच लागली नसती.

मंगळवारी ऑपरेशन झालं. बुधवारी भूषण कपडे न्यायला घरी आला तेव्हा ताईला फाइल पाठवायला म्हणून त्याने मला उघडलं. पाठवण्याआधी थोडी लावली. पडद्यावर कल्याणी दिसली, तिचा आवाज आला, "बोल आई." मग कोपऱ्यातल्या चौकटीत जानकाबाईचे ओठ हलू लागले आणि आवाज आला नाही. भूषणने आवाज वाढवला. पुढे सरकवलं, अजून पुढे सरकवलं. सगळीकडे तेच. कल्याणी विचारते, थांबते, हसते, "हो का?" म्हणते. मधल्या जागा रिकाम्या.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी मघाशी टाळली. या साधनात माइकचं एक वेगळं बटण असतं. ते बंद असेल तर समोरच्याचा, पलीकडून येणारा आवाज टिपला जातो, पण लॅपटॉपपाशी बसलेल्या माणसाचा टिपला जात नाही. कॉलवर मात्र तो व्यवस्थित जातो, त्यामुळे बोलताना कुणाला शंकाही येत नाही. कल्याणीने ते बटण पूर्वीच बंद करून ठेवलं होतं. शिकवणीच्या वेळी जानकाबाई मागे जुड्या बांधायची, दारावरच्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची, आणि ते सगळं जर्मन बाईच्या बोलण्यात मिसळायचं. म्हणून माइक बंद. जानकाबाईचा आवाज येऊ नये यासाठीच तो बंद केलेला होता, आणि तो तसाच राहिला. रविवारी तिचा शब्दन् शब्द माझ्यातून गेला, लेकीपर्यंत पोचलासुद्धा. मी त्यातला एकही ठेवला नाही. मला ते आठवतं, तुम्हाला सांगूही शकतो, कारण आत्मवृत्तात आम्हा वस्तूंना तेवढी मुभा असते. पण त्या घरात माझी फाइल हेच माझं तोंड, आणि फाइलमध्ये काही नव्हतं.

भूषणने ताईला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"ताई, माइक बंद व्हता," तो म्हणाला. "तुझंच बोलणं आलंय निस्तं. आईचं कायच न्हाई."

मग कल्याणी म्हणाली, "मीच बंद केला होता रे तो." आणि लगेच पुढे, "भूषण, मी नीट ऐकलंसुद्धा न्हाई. रेकॉर्ड व्हतंय म्हणून तिच्याकडं बघतच बसले. म्हटलं, बोलणं काय, नंतर निवांत ऐकता येईल. तिनं काय काय सांगितलं ते मला आता आठवत न्हाई."

तिघांनी मिळून ठरवलं की हे जानकाबाईला कळू द्यायचं नाही. भागुजीचं म्हणणं होतं, "तिला वाटू दे ऱ्हायलंय म्हणून. तेवढाच आधार तिला." मला त्याचा राग येत नाही. तो दवाखान्याच्या बाकावर आठ दिवस बसून आला होता.

जानकाबाई घरी आली ती गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळून. आत येताच तिने पहिलं बोट माझ्याकडे केलं आणि भुवया वर करून विचारलं.

"समदं आलंय आई," भूषण म्हणाला. "ताईला पाठवलं पण."

ती खुश झाली. पुढचे कितीतरी दिवस भेटायला आलेल्या प्रत्येकीला ती तेच दाखवायची. आधी स्वतःच्या गळ्यावर हात, मग माझ्यावर हात, आणि मग पदराच्या टोकाला मारलेली गाठ. तिथं ठेवलाय, जपून ठेवलाय. बायका मान डोलवायच्या. मी टेबलावर पडून होतो. कुणी आपली तारीफ करावी आणि आपण ती ऐकत मुकाट्याने पडून राहावं, यासारखी शिक्षा नाही.

दोनेक महिन्यांनी तिला स्वतःचा आवाज ऐकावासा वाटला. तिने माझं झाकण उघडलं आणि भागुजीला खुणावलं. भागुजी गडबडला. "आता नगं, लाइट जाईल," म्हणाला. दुसऱ्या दिवशी भूषणला खुणावलं. त्याला कंपनीत जायला उशीर होत होता. तिसऱ्यांदा मात्र भागुजीने मला उचललं, म्हणाला, "अगं, ह्यो बिघडलाय," आणि कपाटावर ठेवून दिलं. त्या दिवसापासून मी बिघडलेला आहे. धूळ बसू लागली. एक पाल माझ्यामागे राहायला आली. कुणाला माझी दुरुस्ती करावीशी वाटली नाही, कारण दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच.

पण बिघडलेली वस्तू दुरुस्तीला न्यावी, हे जानकाबाईला कुणी सांगावं लागत नाही. बापलेक कामावर गेले असताना एका सकाळी तिने स्टूल लावलं, मला खाली काढलं, चार्जरसकट भाजीच्या पिशवीत घातलं आणि जुन्नरची एस.टी. धरली. मला पिशवीतून तिचा श्वास ऐकू येत होता. आता तो नाकातून नाही, रुमालाच्या आतून येतो.

जुन्नरला स्टँडजवळ आदेशचं दुकान आहे, मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीचं. मालक आदेश तिशीतला, बोलका. ती बोलत नाही म्हटल्यावर तिला ऐकूही येत नसावं असं समजून तो मोठमोठ्याने बोलू लागला.

"बसा मावशी! काय झालंय ह्याला? पडला व्हता का?"

त्याने चार्जर लावला आणि बटण दाबलं. मित्रांनो, त्या क्षणी मी खरोखर बिघडायला हवं होतं. पण मी उठलो. पडदा लागला, नेहमीचा सूर वाजला.

"ह्याला तर कायच न्हाई झालं," आदेश म्हणाला. "ठणठणीत हाय. कोण म्हणलं बिघडला?"

जानकाबाईने त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तिला बहुतेक तेव्हाच काहीतरी कळायला लागलं. तिने पडद्यावरच्या आपल्या छोट्या फोटोवर बोट ठेवलं. आदेशने फाइल लावली. कल्याणी म्हणाली, "बोल आई."

चौकटीतली जानकाबाई बोलू लागली. समोरची जानकाबाई कान पुढे करून बसली. आदेशने आवाज पूर्ण वाढवला. मग चांगले मोठे हेडफोन काढले आणि तिच्या कानांवर स्वतः नीट बसवून दिले. ती हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरून ऐकत होती. आदेश माझ्यात शोधाशोध करत राहिला आणि शेवटी त्याला ते बटण सापडलं. त्याने हळूच एका बाजूचा हेडफोन दूर केला. आता तो मोठ्याने बोलत नव्हता.

"मावशी, रेकॉर्डिंगच्या टायमाला माइक बंद ऱ्हायलाय. तुमचा आवाज ह्यात आलाच न्हाई. आता कायच करता येत न्हाई ओ."

तिने मान हलवली. पण उठली नाही. हाताने खूण केली, चालू दे. सव्वा तास ती दुकानातल्या स्टुलावर बसून होती. गिऱ्हाइकं आली, गेली. आपण कुठे काय बोललो होतो ते तिला पक्कं ठाऊक होतं. कल्याणी थांबली की हिचे ओठ हलायचे. शेवटाकडे कल्याणी म्हणाली, "हाक मार ना," आणि जानकाबाईने मान वर केली, डोळे मिटले. रुमालाखालून नुसती हवा आली. आदेश तोंड फिरवून बाहेर रस्त्याकडे बघू लागला.

घरी आल्यावर तिने मला कपाटावर होतं तिथेच ठेवलं. तेच धडपं वरून टाकलं, रंगाचा डबाही परत तसाच शेजारी सरकवला. स्टूल जागेवर ठेवून ती भाकरीला बसली. भागुजी आला, भूषण आला. कुणाला काही कळलं नाही.

संध्याकाळी भूषणच्या मोबाइलवर कल्याणीचा कॉल आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "आई, काल सुट्टी होती, तुझं रेकॉर्डिंग परत पूर्ण ऐकलं गं. किती बोललीस तू!"

भागुजीने मान खाली घातली. भूषण मोबाइल धरून उभा होता. जानकाबाई लेकीकडे बघून हसली. तिने स्वतःच्या कानाला हात लावला आणि मान डोलावली. ऐकत जा, असं तिला म्हणायचं होतं.

मित्रांनो, लाल टिकली दिसली म्हणजे सगळं टिपलं जातंय असं समजू नका. आधी थोडं रेकॉर्ड करा, लावून ऐका, मग पुढे जा. हे तुम्हाला कुणीही शिकवेल. मला दुसरंच सांगायचं आहे. समोर माणूस बोलत असेल तेव्हा त्याचं ऐकणं आमच्यावर सोपवू नका. आम्ही ठेवतो तेवढं ठेवतो, पण ऐकत नाही. आणि या घरासाठी माझी एक विनंती आहे. तिघं जण तिच्यापासून लपवत आहेत, आणि आता ती तिघांपासून लपवते आहे. तिला तर बोलताच येत नाही. ज्यांना बोलता येतं त्यांच्यापैकी कुणीतरी एकाने तिच्याजवळ बसावं आणि खरं काय झालं ते सांगून टाकावं.